मावशींचं नाक

आमच्या वॉर्डातल्या मावशींना नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटावर. समोर सगळे त्यांना मावशी म्हणायचे, आणि पाठीमागे ‘लॅबवाल्या मावशी’. सव्वीस वर्षं त्यांनी पेशंटचे बेडपॅन उचलले आणि एकही न बघता ओतला नाही. चुन्यासारखी पांढुरकी शी दिसली की म्हणायच्या, याचं पित्त अडलंय, डोळे पिवळे होतात की नाही बघा. लाल दिसली की आधी विचारायच्या, बीट खाल्लंत का? नवे डॉक्टर नाक मुरडायचे. रिपोर्ट आला की तेच त्यांना चहा पाजायचे.

काळ्या रंगाला मात्र त्या जपून असायच्या. लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होते, आणि पोटात वरच्या बाजूला रक्त वाहत असलं तरीही काळीच, डांबरासारखी चिकट. रंग फसवतो, वास फसवत नाही, हे त्यांनी मला नर्स म्हणून लागल्यावर पहिल्याच महिन्यात शिकवलं. शेवटची दोन वर्षं तर काळा बेडपॅन आला की माझ्यापुढे धरायच्या. “सांगा सिस्टर, लोह की रक्त?” मी सांगायचे, त्या मान हलवायच्या, “बरोबर.” एवढी वर्षं झाली तरी या बाईंची परीक्षा काही संपत नाही, म्हणून मी मनातून चिडायचे.

गुडघे दुखायचे म्हणून त्या वेदनाशामक गोळ्या फुटाण्यांसारख्या खात होत्या. त्यांनी पोटात जखमा होतात म्हणून मी रागावले की म्हणायच्या, गुडघे तुमचे नाहीत. मग त्या पांढऱ्या पडू लागल्या. वॉर्डाचा जिना चढताना दोनदा थांबायच्या. हिमोग्लोबिन आठ निघालं. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पोट तपासायला सांगितलं, मावशी म्हणाल्या बघू. तोवर लोहाच्या गोळ्या मी आणून दिल्या, माझ्या या हातांनी.

महिन्याभराने मी विचारलं, शी काळी होते का?

“लोह खाल्ल्यावर काय गुलाबी होणार?”

“आणि वास?”

“आता तुम्ही मला शिकवा. काही वास नाही.”

मी हसून कामाला लागले. त्याच आठवड्यात चहाच्या खोलीत दूध करपून धूर झाला होता आणि मावशी शेगडीशेजारीच बसून निवांत चादरींच्या घड्या घालत होत्या. मी पळत जाऊन गॅस बंद केला आणि म्हातारपण आलं म्हणून त्यांची थट्टा केली. त्याही हसल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि मी त्या अंधारात उभी राहून हसत होते.

नंतर एका सकाळी त्या चादरींच्या कपाटासमोर कोसळल्या. आमच्याच वॉर्डात खिडकीजवळची खाट दिली, एका हाताला सलाईन, दुसऱ्याला रक्त. त्यांची लेक बाहेर बाकावर बसली होती. बेडपॅन मी काढला तेव्हा समोरच्या बाईने नाकाला रुमाल लावला. मी घाईने वळले, तर मावशींनी माझं मनगट धरलं. न बघता ओतायचं नाही, म्हणाल्या. मी दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

मग हळू आवाजात सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच्या तापात नाक गेलं होतं, कसलाच वास येत नव्हता. कुणाला कळलं असतं तर नुसती भांडी उचलणारी बाई उरले असते. घरी संडासात पाणी ओतलं तरी चिकटून राहायचं, ते दिसत होतं, पण गोळ्यांवर ढकललं.

मला राग आला. दोन वर्षं वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटसाठी त्यांनी माझं नाक वापरलं होतं. फक्त स्वतःसाठी मागितलं नाही.

“सांगा सिस्टर,” त्या म्हणाल्या, “लोह की रक्त?”

“रक्त.”

त्यांनी मान हलवली. “बरोबर,” म्हणाल्या, आणि मनगट सोडलं.

दुपारी चार वाजता मावशी गेल्या.