लाइनबाई आणि गहाळ झालेली सहाशे अकरा कार्डं

क्षणभर असं समजा, की चार हजार तेवीस मुलींचे गुण तुमच्याकडे आहेत आणि ते दुसऱ्या गावातल्या एका मोठ्या संगणकात पोचवायचे आहेत. माहितीची टेप पाठवून उपयोग नाही, कारण तुमची टेप त्याला वाचता येत नाही. दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची. मधे फक्त टेलिफोनची एक लाइन आहे. आणि त्या लाइनवरून येणाऱ्यांपैकी मोठा संगणक एकालाच ओळखतो, भोकं पाडलेली कार्डं वाचणाऱ्या यंत्राला. मग तुम्ही काय कराल?

सोंग घ्याल. तुमच्या छोट्या संगणकावर एक प्रोग्रॅम चालवाल, तो लाइनवर जाऊन सांगेल, ‘मी कार्डं वाचणारं यंत्र आहे, एक काम आणलंय.’ कार्ड कुठेच नसतं, पण प्रत्येक मुलीची ऐंशी अक्षरांची ओळ तो एकेक कार्ड म्हणून पुढे सरकवत राहील. मोठा संगणक निमूटपणे ती घेईल.

परिचारिका परीक्षा मंडळाच्या विभागीय कार्यालयात हे सोंग सात वर्षं एकच बाई वठवत होती. शिपायापासून प्रमुखांपर्यंत सगळे तिला लाइनबाई म्हणत. मॉडेमची शिट्टी ऐकून लाइन टिकणार की तुटणार हे ती आधीच सांगायची. लाइनच्या दुसऱ्या टोकाला, मुख्य कार्यालयातल्या मोठ्या संगणकावर, तिचा सख्खा दीर होता. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा तो कॉलेजात नापास होऊन बसला होता. कार्ड कसं पंच करायचं हे त्याला तिनंच शिकवलं. आता तो तिथला मुख्य ऑपरेटर होता, आणि त्या गोष्टीची कोणी आठवण करून दिलेली त्याला खपत नसे.

त्या गुरुवारी अकरा वाजता त्याचा फोन आला.

“तीन हजार चारशे बारा आल्यात. बाकीच्या सहाशे अकरा कुठायत?”

“मी सगळ्या पाठवल्यात, भावजी.”

“मॅडम, ऑफिसच्या फोनवर भावजी नको.”

“बरं, साहेब. सगळ्या पाठवल्यात, साहेब.”

“पाठवल्या असत्या तर आल्या असत्या ना? की वाटेत उतरून चहाला गेल्या?”

“तुमच्याकडे कामाचं पहिलं पान छापून आलं असेल. एकूण किती कार्डं वाचली ते त्यावर असतं. तेवढा आकडा सांगा.”

“ते रद्दीत गेलं.”

“सकाळी नऊला काम चाललं, अकराला रद्दीत?”

“आमच्याकडे स्वच्छता असते,” असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

पूर्वी हा छापील कागद लाइनवरून तिच्याच प्रिंटरवर परत यायचा. चार महिन्यांपूर्वी दिरानं तो आपल्याकडे वळवून घेतला होता. कारण काय, तर कागदाची बचत होते.

दुपारी प्रमुखांनी तिला आत बोलावलं. त्यांच्यासमोर दिराचा टेलेक्स होता : विभागाकडून माहिती आलीच नाही, पाठवणाऱ्याचा हलगर्जीपणा.

“शनिवारी दुपारी निकाल लागायचाय,” प्रमुख म्हणाले. “तोवर आकडा जुळला नाही तर सोमवारपासून तुम्ही खाली, उत्तरपत्रिकांच्या कोठीत. लाइन बघायला मुख्य कार्यालयवाले त्यांचा माणूस पाठवतायत.”

“त्यांचा माणूस आधीच नेमलाय वाटतं?”

“उलट बोलू नका हो लाइनबाई. तुमच्या घरचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर मी कुणावर विश्वास ठेवायचा?”

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि वर्तमानपत्राची घडी उलटी घातली. “लहान आहे गं तो. तूच जरा समजून घे.”

“चाळिशीला टेकलाय तुमचा लहान. हे लहानपण कधी संपणार त्याची तारीख द्या, मी फाइलला लावून ठेवते.”

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली, तेव्हा तिनं तेच काम पुन्हा पाठवलं. फक्त कामाच्या सुरुवातीला मोठ्या संगणकाला जे हुकूम द्यायचे असतात त्यांत एक ओळ वाढवली : छापील कागद माझ्याकडे पाठव. वीस मिनिटांनी तिचा प्रिंटर खडखडला. पहिल्या पानावर आकडा होता चार हजार बत्तीस. म्हणजे मुलींची चार हजार तेवीस आणि हुकमांची नऊ. सगळी कार्डं पोचली होती! आणि शेवटच्या पानावर फाइलमध्ये उतरलेल्या नोंदी मात्र तीन हजार चारशे बाराच.

पोचूनही उतरली नाहीत, म्हणजे अडली कुठे? तिनं आपल्या यादीतली तीन हजार चारशे तेरावी ओळ काढली आणि कपाळावर हात मारला.

ओळीची आखणी सात वर्षांपूर्वी तिनंच केलेली होती. पहिल्या घरात, म्हणजे पहिल्या अक्षराच्या जागी, तिरकी रेघ असली तर मुलगी गैरहजर. दुसऱ्या घरात तारा म्हणजे नोंद पुन्हा तपासलेली. गैरहजर मुलीची नोंद पुन्हा कोण तपासणार? त्यामुळे सात वर्षांत रेघ आणि तारा एका ओळीत कधी आलेच नाहीत. यंदा एका मुलीनं अर्ज केला होता, ‘मी पेपरला बसले होते, मला गैरहजर दाखवलंय.’ नोंद तपासली, रेघ कायम राहिली, शेजारी तारा लागला. आणि मोठ्या संगणकाच्या लेखी कार्डाच्या सुरुवातीला रेघ आणि तारा आले की माहिती संपली. त्यानं तिथंच फाइल बंद केली. पुढची सहाशे दहा कार्डं त्यानं घेतली खरी, पण एका वेगळ्या गठ्ठ्यात ठेवून दिली. तो गठ्ठा वाचायला कोणी सांगितलंच नव्हतं. ना तक्रार, ना इशारा.

“आखणी माझी, चूक माझी,” ती रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली. “पण आलीच नाहीत म्हणे!”

उपाय एका ओळीचा होता. माहिती संपल्याची खूण आता दुसरी आहे, असं तिनं हुकमात लिहिलं आणि काम तिसऱ्यांदा पाठवलं. चार हजार तेवीस उतरल्या.

दोन्ही वेळचे छापील कागद घेऊन ती प्रमुखांकडे गेली. त्यांनी शेवटचा आकडा तेवढा पाहिला. “जुळलं ना? मग मिटवा.”

“पहिलं पान बघा, साहेब. माहिती आली नाही हे खोटं आहे. टेलेक्स मागे घ्यायला लावा.”

“तुमची खुर्ची राहिली ना? आता कशाला उकरून काढता?”

निकाल वेळेवर लागला. कोठी टळली. मुख्य कार्यालयाचं पत्र सोमवारी तिच्या फाइलला लागलं : ‘विभागाची अपुरी माहिती आमच्या सूचनेनंतर दुरुस्त करण्यात आली.’ खाली दिराची सही, चांगली ऐसपैस.

पुढच्या रविवारी तो घरी जेवायला आला. ती ताट वाढून समोरच बसली.

“भावजी, आता ऑफिसचा फोन नाही. खरं सांगा.”

“वहिनी, जेवताना ऑफिस नको.”

“आखणी माझी चुकली, ते मी लेखी देते. तुम्ही एवढंच सांगा.”

“दादा, हिला सांग ना काहीतरी!”

दादानं आमटीची वाटी जवळ ओढली. दीर अर्ध्या ताटावरून उठला, हात धुतले आणि चपला पायात सरकवून निघाला. ती दारापर्यंत त्याच्यामागे गेली.

त्यानंतर तो अनेकदा आला, जेवला, गेला. प्रत्येक वेळी तिनं विचारलं आणि प्रत्येक वेळी त्याला घाई होती. पान रद्दीत गेलं, मान्य. पण त्या गुरुवारी मला फोन करण्याआधी त्यावरचा आकडा तुम्ही वाचला होता की नव्हता?