अंगठाभर जागा

मामू माणसाच्या तोंडाकडं बघतच नसत. गिऱ्हाईक पायरी चढलं, की त्यांची नजर आधी पायावर. क्रांती चौकामागच्या गल्लीत त्यांचं बुटांचं चिंचोळं दुकान होतं. तिथं भर सकाळीही झोपाळू उजेड असायचा, नव्या रबराचा वास असायचा आणि पांढऱ्या दाढीचे मामू स्टुलावर बसून कुणाचा तरी पाय न्याहाळत असायचे.

मी बेचाळिसाव्या वर्षी धावायचं मनावर घेतलं होतं. लेकाचे जुने बूट घालून चार दिवस विद्यापीठाच्या रस्त्यावर पळाले आणि गुडघा धरून बसले. पळायचे तेही पहाटे, कुणी बघू नये म्हणून. गावाकडं पिशोरच्या शाळेत मी पोरांनाही मागं टाकायची. पण लग्नानंतर वीस वर्षं साधी बसमागंही धावले नव्हते. बाईमाणूस पळालं की लोक दात काढतात, हे डोक्यात घट्ट बसलेलं.

मामूंनी पहिल्या दिवशी बूट दाखवलेच नाहीत. माझी चप्पल उलटी केली, टाच कुठं झिजलीय ते चाचपलं आणि म्हणाले, "संध्याकाळी या ताई. सकाळचा पाय झूट बोलतो." दिवसभर चालून पाय जरा फुगतो, खरं माप तेव्हाच कळतं, असं त्यांचं म्हणणं. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

संध्याकाळी गेले. मला गुलाबी बूट आवडला होता, तो त्यांनी हातातून काढून घेतला. "रंग आरशाला लागतो, पायाला नक्को."

मी सवयीनं बोलून गेले, "मामू, एक नंबर मोठाच द्या." लहानपणी आई वाढत्या पायाचे बूट घ्यायची, पुढं कापूस कोंबून, हेही सांगितलं.

मामू खो खो हसले. "आता अजून किती वाढणार पाय, ताई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बूट घातल्यावर त्यांनी बोटांपुढं अंगठा दाबून बघितला. "अंगठाभर जागा पायजेच. पळताना पाय पुढं सरकतो. अम्मीचं बरोबर होतं, कापूस तेवढा नक्को." का कोण जाणे, माझे डोळे भरून आले.

"आता पळून दाखवा."

"इथं? गल्लीत? अहो, लोक काय म्हणतील!"

"बसून बूट कळत नाय."

समोरचा चहावाला टक लावून बघत होता. मी ओढणी कमरेला बांधली आणि पळाले. दिवे नुकते लागत होते. दोनचार पावलांत गल्लीचा गलका लांब गेला, पायाखाली पिशोरची पांदण आली, दोन्ही अंगांना तूर डोलायला लागली. परत आले तर मामू डोळे मिटून बसलेले. "दोन्ही पाय सारखे वाजले. हेच घ्या," म्हणाले.

तो बूट घालून मी वर्षभर धावले, पण पहाटेच. उजाडलं की घरात.

गेल्या हिवाळ्यात दुपारी ऑफिसात चहावाल्याचा फोन आला. मामू गेले, जनाजा निघतोय. माझी रिक्षा चौकात अडकली, ती काही केल्या हलेना. उतरले, चपला हातात घेतल्या, साडी वर खोचली आणि निघाले. हॉर्न वाजत होते. कुणीतरी ओरडलं, "अवो बाई, झालं काय?" मी थांबले नाही. गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा जनाजा समोरून येत होता. भिंतीला टेकून उभी राहिले आणि मामू माझ्या अगदी जवळून गेले.

चहावाल्यानं पाण्याचा ग्लास दिला. "एवढ्या गर्दीतून पळत आलात, ताई?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की मी पळत आले होते.