आईच्या डावीकडे सोडलेली जागा

एका म्हाताऱ्या बाईला दोघांनी फसवलं. एक तिचा थोरला मुलगा, दुसरा मी. त्याने सांगितलं आणि मी करून दिलं. बाजारात मात्र नाव एकट्या माझंच निघतं, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. पण डोकं फिरलं म्हणून लाज कमी होत नाही.

म्हसळ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. तो मला कोणी आयता दिलेला नाही. हरिहरेश्वरच्या पुळणीवर सहली यायच्या, तिथे भर उन्हात उभा राहून मी फोटो काढायचो आणि संध्याकाळी छापून लॉजवर पोचवायचो. भाव पाडणाऱ्याशी भांडायचो. भांडता येत होतं म्हणून दुकान उभं राहिलं, असं मी आजही मानतो. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि माझ्याकडे लग्नं तेवढी उरली.

आमच्या बाजूच्या बऱ्याच घरांतला एखादा मुलगा फौजेत असतो. लग्नाच्या तारखेला त्याला रजा मिळेलच असं नाही. म्हणून अशा घरचा फोटो काढताना मी एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी ठेवतो. "जरा सरका, फौजी उभा राहायचाय," असं म्हटलं की लोक हसतात आणि सरकतात. नंतर त्याचा फोटो मागवून मी त्या जागी जोडतो. त्यात फसवणूक नसते. तो आला नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत असतं.

त्या म्हाताऱ्या बाईच्या मुलीच्या लग्नातही मी तशीच जागा सोडली होती, आईच्या डावीकडे. तिच्या फौजेतल्या धाकट्या मुलाची रजा मंजूर होऊन ऐन वेळी रद्द झाली होती. आई दिवसभर रस्त्याकडे बघत होती. मुलीची पाठवणी झाली आणि तिला चक्कर आली. पुढचे दोन दिवस ती तापात पडून होती.

पंधरवड्याने थोरला दुकानात आला. तो नवी मुंबईत एका कंपनीत आहे, सुट्टीला गावी येतो. धाकट्याचा फोन लागत नव्हता, त्याच्या ठाण्यावर नेटवर्कच नव्हतं. आईने मात्र मनाशी धरलं होतं की रजा रद्द झाली हे खोटं. तो लग्नाआधीच जिवानिशी गेला आणि लग्न मोडू नये म्हणून सगळ्यांनी लपवलं. तिने जेवण टाकलं होतं. थोरल्याला तिला सांगायचं होतं की तो लग्नात तासभर येऊन गेला, तापामुळे तुला आठवत नाही. त्यासाठी फोटो हवा होता, आणि तो असा की आईला शंका येता कामा नये.

मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. मी सौदा केला. जोडकामाचा एक रुपया घेणार नाही, पण धाकटा घरी येईल त्या दिवशी पहिला फोटो माझा. घरच्यांचे मोबाइल तोवर खिशात. तो फोटो मोठा करून मी दुकानाच्या काचेत लावणार. फौजी घरी येतो आणि आई त्याला मिठी मारते, असा फोटो काचेत लागला की तालुका थांबून बघतो, हे मला ठाऊक होतं. थोरल्याने पटकन हो म्हटलं. आपण जिंकलो, असं वाटून मी त्याला चहा पाजला.

धाकट्याचा वर्दीतला एकच फोटो मिळाला, छातीपर्यंतचा. नुसता शेजारी चिकटवला तर जोडलेला वाटला असता. आईच्या खांद्यावर हात पाहिजे होता. मी बायकोला पदर नीट घ्यायला सांगितलं, कॅमेऱ्याला टायमर लावला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "इतक्या वर्षांत असा ठेवला नव्हतात. आज कुणाच्या नावाने?" मला हसू आलं. मग मी माझा हात कापून त्या फोटोत बसवला. दुकानाच्या शटरमध्ये सापडून माझ्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं आहे. ते मी पुसलं नाही. खऱ्या हाताला खोट असते, आणि खोट दिसली की लोकांना खरं वाटतं, एवढी मला अक्कल होती.

आई जेवायला लागली. महिन्याभरात धाकट्याचा फोनही आला. तेव्हा खरं सांगून टाकता आलं असतं. तिला फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणं थोरल्यानेच केलं, आणि फोटोचा विषय त्याने काढला नाही. मीही कधी चौकशी केली नाही.

गणपती झाल्यावर धाकटा आला. मी सकाळीच मोटारसायकलवर जाऊन अंगणात जागा धरून बसलो होतो. शेजारच्या एका बाईने मोबाइल काढला, तर तिच्यावर ओरडलो. मिनीडोर रिक्षा थांबली, तो बॅग घेऊन उतरला. त्याच्या वहिनीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मी कॅमेरा आईच्या चेहऱ्यावर धरून होतो. ती ओट्यावर बसलेली होती.

ती उठली नाही. त्याने वाकून पाया पडल्यावर तिने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि घाबरत घाबरत विचारलं, "मागल्या टायमाला जेवून गेलास का रे? मला काय बी आठवत न्हाय."

तो गोंधळला. त्याने भावाकडे पाहिलं. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी फोटो काढत होतो.

"जेवलो, आय," धाकटा म्हणाला. "तूच वाढलंस."

आत भिंतीवर तो फोटो मोठा करून लावला होता. धाकट्याने जवळ जाऊन तो निरखला. मग हळू आवाजात त्याने विचारलं, "दादा, हात कुणाचा?" मी उजवा हात खिशात घातला, आणि त्यामुळेच त्याला कळलं. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. तो म्हणाला, "बरं केलंत. कुणीतरी ठेवायलाच हवा होता."

त्याने गचांडी धरली असती तर आज मी हे लिहिलं नसतं. मीही दोन शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो.

जेवायच्या वेळी त्याने बॅगेतून आईसाठी आणलेली शाल काढली आणि कपाटात ठेवायला चावी मागितली. ती आता वहिनीच्या कमरेला होती. त्या घरात हे कधी झालं नव्हतं. कपाटाची, तांदळाच्या खोलीची, सगळ्या चाव्या आईकडे असायच्या. वहिनी चपापली. आईच म्हणाली, "मीच दिल्या तिला. पोटचा पोर आलेला इसरते ती बाय, दार लावायचं काय ध्यानात ठेवणार?"

मग एकेक कळत गेलं. ती चूल पेटवत नाही, विझवायची राहील म्हणून. म्हसळ्याच्या बाजाराला एकटी येत नाही, परतीची गाडी चुकेल म्हणून. तिच्या डोक्याला काहीही झालेलं नव्हतं. कोणत्या डब्यात काय आहे, ते ती बसल्या जागेवरून सुनेला सांगत होती. फक्त तिचा स्वतःवरचा विश्वास आम्ही काढून घेतला होता, आणि तो माझ्या हाताने.

निघताना धाकट्याने मला फाटकापाशी गाठलं. रजा आहे तोवर घरात रडारड नको, मी गेल्यावर दादा तिला सगळं सांगणार आहे, असं म्हणाला. थोरला मागे उभा राहून मान हलवत होता.

सौद्यातला फोटो मी काचेत लावला, हेही सांगतो. चार दिवस होता. लोक थांबून म्हणायचे, आई किती शांत दिसते. पाचव्या दिवशी मी तो उतरवला.

धाकटा परत गेला. भातं कापून झाली तरी थोरल्याने सांगितलं नव्हतं. मग तो सुट्टीला आल्याचं कळलं आणि मी गेलो. त्याने मला फाटकातच अडवलं. आता सांगून काय मिळणार, गावात हसं होईल, म्हणाला. मी आवाज चढवला, तेव्हा शांतपणे म्हणाला, "फोटो तुम्ही जोडलात. मी काय केलं?" बाजारातही त्याने हेच पसरवलं आहे. आता पानाच्या टपरीवर लोक विचारतात, "आमचा आजा येईल का हो लग्नाला? पंधरा वर्षं झाली त्याला जाऊन."

आई तेव्हा ओट्यावर बसली होती. मला दिसत होती. दहा रुपयांसाठी पुळणीवर पर्यटकांशी घसा फोडून भांडणारा मी, तिथून हाक मारू शकलो असतो. ती म्हणाली असती, हा माणूस कोण, मला आठवत न्हाय. ते ऐकवलं नसतं म्हणून मी परत फिरलो. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज त्या परत फिरण्याची वाटते.

माझ्या वाटणीचं मी लिहिलं आहे. थोरला बोलावेल त्या दिवशी मी तिच्यासमोर बसेन आणि हा अंगठा त्या फोटोतल्या अंगठ्याशेजारी धरून दाखवीन. पण तुझं डोकं शाबूत आहे हे तिला थोरल्यानेच सांगायला हवं, कारण ते गेलं असं तिच्या मनात त्यानेच भरवलं. त्याने बायकोच्या कमरेच्या चाव्या मागून घ्याव्यात, ओट्यावर बसून त्या आईच्या हातात द्याव्यात, आणि इतके महिने तो गप्प का बसला याचा जबाब द्यावा. मला नको. तिला.