वापरलेल्या चमच्यांचा डबा

माझ्या भाचीला सगळे मुंगी म्हणतात. चालायला लागल्यावर हे नाव पडलं. घरभर फिरायची, सापडेल ते तोंडात टाकायची आणि एका जागी म्हणून बसायची नाही. पुढं अंगानं चांगली भरली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. नवीन माणूस नाव ऐकतो, तिच्याकडं बघतो आणि हसू दाबतो. मग मुंगीच आधी हसून त्याची सुटका करते. मला मात्र अशा माणसांचा राग येतो. तुला राग फार लवकर येतो असं माझा भाऊ म्हणतो, आणि त्याचाही मला राग येतो.

मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल आणि आरसा, मागच्या खोलीत संसार. हॉटेलातला स्वयंपाक शिकवणाऱ्या कॉलेजात मुंगीला प्रवेश मिळाला आणि ती माझ्याकडं राहायला आली, तेव्हा तिचा पांढरा कोट मीच शिवला. अजून वाढतं अंग म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडून ठेवलं. पहिल्या वर्षी तो उसवून सैल केला, दुसऱ्या वर्षी परत केला. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला ती पुन्हा कोट घेऊन समोर उभी राहिली. मी शिवण उलटी करून तिला दाखवली. सोडायला आत आता कापडच उरलं नव्हतं.

"नवा शिवू," मी म्हटलं. "त्यात काय एवढं."

"कोटाचं राहू दे," ती म्हणाली. "आत्या, माझा गुडघा दुखतोय. बरेच दिवस झाले."

बरेच दिवस झाले आणि मला पत्ता नाही. मी आधी तिच्यावर तोंडसुख घेतलं आणि मग तिला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरबाईंनी गुडघा दाबून पाहिला, फोटो काढायला लावला आणि तो उजेडात धरून म्हणाल्या, "आतली गादी झिजायला लागलीय. हे वर्ष संपायच्या आत मी लिहून देते तेवढं वजन उतरव. नाहीतर तुला बसून करायचं काम शोधावं लागेल." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की जणू बाहेर वारा सुटलाय असं सांगताहेत.

जिना उतरताना मुंगी कठड्याला धरून थांबली. "बसून स्वयंपाक कोण करतं, आत्या?" तिनं विचारलं. या पोरीला दुसरं काही म्हणजे काही यायचं नाही. शाळेत गणिताला रडायची, माझ्याकडं सुईत दोरा ओवायचाही तिला कंटाळा. पण पातेल्यासमोर उभी राहिली की तिचे हात शहाणे व्हायचे. चूल सुटली तर ही मुलगी करणार काय, हा घोर मला त्या दिवशी लागला.

आता वजन उतरवायचं म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक असतं. ते करायचं कधी, इथं घोडं पेंड खात होतं. तिचे सकाळी वर्ग, दुपारी कॉलेजच्या स्वयंपाकघरात काम, संध्याकाळी एका हॉटेलात भाज्या सोलायची नोकरी. अभ्यास बसमध्ये, तोही सीट मिळाली तर. सगळ्या जगाच्या जेवणाच्या वेळी ही दुसऱ्यांना जेवू घालत उभी. स्वतःच्या जेवणाला तिच्या दिवसात जागाच नव्हती.

तरी तिनं कंबर कसली. सकाळचं खाणं बंद केलं. उकडलेल्या भाज्यांचा डबा न्यायला लागली आणि तो तसाच परत आणायला लागली. दोन स्टॉप आधी उतरून चालत यायची, मग गुडघा धरून बसायची, मग चालणंही सुटलं. गावाहून तिच्या बापाचा, म्हणजे माझ्या भावाचा, फोन आला की पहिला प्रश्न वजनाचा. एकदा मी फोन हातात घेऊन त्याला सांगितलं की आधी आपल्या पोटाकडं बघ आणि मग बोल. त्यानंतर तो हवापाण्याच्या गोष्टी करायला लागला.

आणि काटा जागचा हलेना. औषधाच्या दुकानातल्या वजनाच्या यंत्रावर उभी राहून आली की ती धुमसायची. "दिवसभर काहीसुद्धा खाल्लेलं नाहीये मी," असं ती म्हणायची, आणि म्हणताना तिच्या तोंडात पावाची कड असायची. ती खोटं बोलत नव्हती. उभ्यानं, जाता-येता तोंडात टाकलेलं तिच्या लेखी खाणंच नव्हतं.

मग तिनं आणखी एक गोष्ट केली. ती मला फार उशिरा कळली. त्यासाठी आधी त्यांच्या स्वयंपाकघराची एक रीत सांगायला हवी. तिथं प्रत्येकाच्या हाताशी दोन डबे असतात. एकात धुतलेले चमचे, दुसऱ्यात वापरलेले. शिजताना दर थोड्या वेळानं चाखायचं, आणि तोंडाला लागलेला चमचा पातेल्यात परत जाऊ द्यायचा नाही, तो दुसऱ्या डब्यात टाकायचा. पुढच्या वेळी नवा चमचा. चाखल्याशिवाय एकही ताटली दाराबाहेर जात नाही. मुंगीच्या मनानं घेतलं की हेच चमचे आपल्या अंगाला लागतात. लोणी, साय, साखर, दिवसभर जिभेवर काही ना काही. म्हणून तिनं चाखणंच सोडलं. मास्तर बघत असले की कोरडा चमचा ओठांपर्यंत न्यायची, जाणकारासारखी मान हलवायची आणि तो तसाच धुतलेल्यांच्या डब्यात परत ठेवायची. मीठमसाला सगळा हाताच्या अंदाजानं. हात शहाणा होता, त्यामुळं बरेच दिवस निभावून गेलं.

त्या कॉलेजला एक जेवणघर आहे, मुलं शिजवतात आणि बाहेरची माणसं येऊन जेवतात. एका दुपारी एक मोठं मंडळ जेवायला येणार होतं आणि सूप मुंगीकडं होतं. सूप वेळेवर तयार झालं, मंडळी काही वेळेवर आली नाहीत. पातेलं मंद आचेवर राहिलं. पाणी आटत गेलं, मीठ होतं तेवढंच राहिलं. शेवटी पाहुणे आले, मुंगीनं कोरडा चमचा ओठांपर्यंत नेला, मान हलवली आणि वाट्या बाहेर पाठवल्या. पहिल्या घोटानंतर त्या तशाच्या तशा परत आल्या.

त्यांचे मास्तर शिडशिडीत, कमी बोलणारे. ते ओरडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते मुंगीच्या जागेपाशी आले, त्यांनी वापरलेल्या चमच्यांच्या डब्यात हात घातला आणि डबा उलटा केला. त्यातून काहीच पडलं नाही.

"हा आत्ता धुतलास का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग सकाळपासून एकदाही चाखलं नाहीस?"

तिनं धुतलेल्या चमच्यांच्या भरल्या डब्याकडं बघितलं.

"कधीपासून चाललंय हे?"

तेव्हा ती रडली. गुडघा, डॉक्टर, वजन, सगळं तिथंच भडाभडा बोलली. संध्याकाळच्या नोकरीला न जाता ती घरी आली आणि कापायच्या टेबलाला टेकून तिनं मला हे सांगितलं, तेव्हाही रडतच होती. मी हातातली कात्री खाली ठेवली. मला मास्तरांचा राग आला, डॉक्टरांचा आला, आणि त्या वेळेवर न आलेल्या मंडळींचा तर सगळ्यात जास्त आला. तिचा काही येईना.

"मग, काय म्हणाले मास्तर? काढून टाकलं?"

"नाही," ती नाक पुसत म्हणाली. "ते म्हणाले, चमच्यानं कुणी जाड होत नाही. मी म्हटलं, तुमचं बरं आहे सर, तुमच्या अंगाला काही लागत नाही. तर म्हणाले, तेही खरंच. मग विचारलं, आज बसून काय काय खाल्लंस ते सांग. मी म्हटलं, काहीच नाही. म्हणाले, आणि उभ्यानं?"

"मग?"

"मग मी सांगायला लागले. पावाच्या कडा. केकचे कापून टाकलेले काठ. तळलेल्या बटाट्यांतले मोडके. तुटलेली बिस्किटं, बसमध्ये. आत्या, सांगून संपेचना. माझं मलाच ऐकवेना."

वाईट मला तिच्या खाण्याचं वाटलं नाही. या मुलीनं मन लावून जेवलेलं एकही जेवण मला आठवेना, त्याचं वाटलं.

मास्तरांनी तिला पाहुण्यांच्या चुलीवरून काढलं होतं आणि दुसरं काम दिलं होतं. तिथं काम करणारी मुलं आणि भांडी घासणाऱ्या बाया आतापर्यंत मोरीच्या कडेला उभ्यानंच काहीतरी पोटात ढकलायच्या. आता त्यांचं जेवण रोज मुंगीनं रांधायचं. टेबलक्लॉथच्या घड्या घालायचं लांब टेबल त्या वेळेपुरतं मोकळं करायचं आणि सगळ्यांनी बसून जेवायचं. रांधणारीनंसुद्धा. बाकी दिवसभर तोंडात जाईल तो फक्त चाखायचा चमचा, आणि तो गेलाच पाहिजे. "हा डबा मनापासून भरायला लागलीस की चुलीपाशी ये," असं ते म्हणाले होते.

ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या आठवड्यात तिला बसवेना. चार घास खाल्ले की उठून कुणाला वाढायला धावायची, भांडी घासणारी बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवायची. पावाची कड दिसली की हात आपोआप जायचा. तो हात आवरणं उपाशी राहण्यापेक्षा अवघड होतं असं ती सांगते, आणि माझा त्यावर विश्वास आहे, कारण घरी मी ते रोज पाहिलंय.

घरी माझा एक नियम होता. कापायच्या टेबलावर अन्न आणायचं नाही. गिऱ्हाइकाचं कापड असतं, उगीच डाग नको. पण आमच्याकडं टेबल ते एकच, म्हणून मी नियम मोडला. सकाळी कापडं बाजूला सारून तिच्यासाठी ताटली मांडायला लागले आणि समोर स्टुलावर बसायला लागले, म्हणजे तिला उठता येऊ नये. पंधरा मिनिटं कमी झोपावं लागतं म्हणून ती कुरकुरायची. एकदा एका बाईच्या नव्याकोऱ्या झग्यावर दूध सांडलं. मी मूग गिळून गप्प बसले आणि तो धुऊन इस्त्री करून दिला. बाई म्हणाली, काय मऊ कापड आहे हो.

वजन उतरायला लागलं, पण वाट बघायला लावून. एखाद्या महिन्यात थोडं, एखाद्या महिन्यात नाही. परीक्षेचा अभ्यास आला की थांबायचं. मी नव्या शिवलेल्या कोटाची शिवण आत घेतली ती जेमतेम बोटभर. मी ते काम फार सावकाश केलं आणि दोरा दोनदा ओढून पाहिला.

शेवटच्या परीक्षेच्या आधी आम्ही परत डॉक्टरांकडं गेलो. मुंगी बाकावर ताठ बसली होती. माझ्याच तोंडचं पाणी पळालं होतं. डॉक्टरबाईंनी वजन पाहिलं, आधीचं पाहिलं आणि म्हणाल्या, "मी सांगितलं होतं तेवढं उतरलेलं नाही."

"उतरेल," मुंगी म्हणाली. "वेळ लागेल. पण मी चुलीपाशी उभी राहूनच ते उतरवणार."

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. मग गुडघा दाबला, वाकवला, परत दाबला. मी त्यांच्या बोटांकडं बघत होते.

"सूज गेलीय," त्या म्हणाल्या. "असंच चालू ठेवणार असशील तर उभी राहा. दर काही महिन्यांनी मला दाखवून जायचं. आणि ढिलाई केलीस तर मी परत तेच सांगेन."

परीक्षेच्या दिवशी घरच्यांना जेवणघरात जेवायला बोलावलं होतं. भावाला रजा मिळाली नाही, म्हणून मी एकटीच गेले, चांगली साडी नेसून, आणि वाढपाच्या खिडकीसमोरचं टेबल धरून बसले. खिडकीतून मुंगी दिसत होती. मास्तरांनी तिला चुलीपाशी परत घेतलं होतं आणि सूप तिच्याकडंच होतं. त्या दिवशीही कशात तरी उशीर झाला आणि पातेलं आचेवर राहिलं. तिनं चमचा घेतला, फुंकर घातली, चाखलं, डब्यात टाकला. थोड्या वेळानं दुसरा. थोडं गरम पाणी ओतलं, परत चाखलं. चमचा डब्यात पडल्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

वाट्या भरल्यावर मास्तर तिच्यापाशी आले. त्या दिवशी परीक्षक तेच, त्यामुळं हातात चाखायचा चमचा होता. त्यांनी पातेल्याकडं पाहिलंच नाही. वापरलेल्या चमच्यांच्या डब्यात डोकावले, हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "जाऊ द्या बाहेर."

मी सूप संपवलं. कसं होतं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण अर्धं मी डोळे पुसत प्यायले. मग राहवेना म्हणून ताटलीवरून उठले, तिला जवळ घ्यायला थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. दारात मास्तर उभे होते.

"मुंगीची आत्या ना तुम्ही?" ते म्हणाले. "जरा थांबावं लागेल. ती जेवायला बसलीय."

मी दाराबाहेरच्या खुर्चीवर बसले आणि तिचं जेवण होईपर्यंत थांबले.