बन्नूर रस्त्यावर बसलेली मी

दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचारही पार पडले. डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही बऱ्या आहात. पण उजवा हात सुजून जड राहिला आणि मनातली भीती गेली नाही. हे शरीर आता आपलं राहिलं नाही, असं वाटायचं. म्हणून पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीत मी नाव दिलं. आदल्या दिवशी इथल्या, म्हैसूरच्या, चामुंडेश्वरीच्या डोंगरावर जाऊन एकच मागितलं, "आई, दिलेल्या वेळेत पुरी होऊ दे."

शर्यतीच्या सकाळी तलावात उतरल्यावर थोड्याच वेळात हात भरून आला. सगळे पुढे निघून गेले. काठावर आले तेव्हा माझ्या मागे कुणीच नव्हतं. बन्नूर रस्त्यावर सायकल रेटत राहिले, पण वळणाच्या ठिकाणी शर्यतीची एक स्वयंसेवक मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, वेळ संपली. गाडी येईल, त्यात बसा." तिने माझ्या पायाला बांधलेली वेळेची पट्टी सोडवून घेतली. मी सायकल टेकवून उसाच्या शेताकडेच्या बस थांब्यावर बसले आणि रडले. देवीने पाठ फिरवली, असंच वाटलं. तोंडून निघून गेलं, "आई, एवढंच मागितलं होतं गं."

"अय्यो, मराठी काय तुम्ही?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक वयस्कर बाई बसल्या होत्या. अंबाड्यात अबोलीचा गजरा, मांडीवर पिशवी. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचं. बन्नूरला लेकीकडे राहून त्या घरी निघाल्या होत्या. मी सगळं सांगत गेले. हाताचं मात्र बोलले नाही. लांब बाह्यांमुळे त्याची सूज दिसतही नव्हती. ऐकता ऐकता त्यांनी माझा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला आणि दोन्ही तळव्यांत नुसता धरून ठेवला.

दुखेल म्हणून माझे यजमानसुद्धा त्या हाताला कधी स्पर्श करत नव्हते. मीच तसं सांगून ठेवलं होतं. त्या बाईंना कसं कळलं, मला ठाऊक नाही. मी हात अवघडून धरलेला दिसला असेल.

"घर कुठं?" त्यांनी विचारलं.

"हूटगळ्ळीला. पण आधी तलावावर. हे तिथे थांबलेत."

"मग तिकडंच जायचं, अल्वा, नाही का? नंबर गेला तर जाऊ दे. निधान, सावकाश जावा, घाई कशाला आता?"

त्यांची बस आली. माझा हात हलकेच माझ्या मांडीवर ठेवून त्या चढल्या. नाव विचारायचं राहून गेलं.

मागाहून शर्यतीची गाडी आली, तिला मी हात हलवून पुढे जायला सांगितलं. सायकलने तलाव गाठला. यजमानांना "येते" म्हणून सांगितलं आणि धावण्याच्या वाटेला लागले. थोडं धावले, बरंच चालले. वेळ मोजणारं कुणी नव्हतं. किती तरी दिवसांनी आपल्याच पायांचा आवाज ऐकत होते आणि मनात मागणं असं काहीच उरलं नव्हतं.

पोचले तेव्हा शर्यतीच्या शेवटाची कमान उतरवली होती. यजमान एकटेच उभे होते.

"झालं?"

"झालं. आता हा हात धरा जरा."

ते घाबरले. मग त्यांनी हात धरला, आणि आम्ही दोघं तसेच आमच्या गाडीपर्यंत चालत गेलो.

निकालात माझ्या नावापुढे 'अपूर्ण' असं आहे, आणि ते खरंच आहे. मी मागितलेलं देवीने दिलं नाही. पण जे मागायचं मला सुचलंही नसतं ते तिने दिलं, त्या बाईंच्या हातून. त्या कोण होत्या, याचा शोध मी घेतला नाही. जिथे असतील तिथे सुखात असोत. यंदा पुन्हा नाव दिलं आहे. डोंगरावर जाऊन नमस्कार करून आले; किती वेळ लागायचा तो लागो, ते मी आता तिच्यावर सोडलं आहे.