कूलरच्या टाकीतली वाइन

बाटली टेबलावर आली तेव्हा तिच्यावर लेबल नव्हतं, शेवाळ होतं.

"ठेवली कुठं होती?" मी विचारलं.

"कूलरच्या टाकीत," गजाननराव म्हणाले.

मी नागपूरच्या एका हॉटेलात बेव्हरेज मॅनेजर आहे. पाहुण्यांच्या ग्लासात काय जावं ते ठरवणं, आणि त्याआधी चाखणं, हे माझं काम. गजाननरावांची मौद्याला राइस मिल. त्यांच्या मुलीची सोयरीक नाशिककडच्या एका जुन्या मित्राच्या घरी जमत होती. मित्र द्राक्षवाले. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच स्वतः बनवलेली ही व्हाइट वाइन भेट दिली होती. त्या दुपारी आमच्याकडे जेवण आणि बोलणी होती. आदल्या दिवशी होणाऱ्या व्याह्यांचा फोन आला होता, "माझी बाटली आहे ना अजून? उद्या तीच उघडू."

"पण कूलरमध्ये काहून?" मीही नागपूरचीच.

"बायको म्हणे, दुधादह्याच्या फ्रिजात दारू नाही ठेवू देत. मंग देली टाकीत आडवी टाकून. विसरूनच गेलो न जी."

व्हाइट वाइन बहुतेक दोन-तीन वर्षांत संपवायची असते. काही थोड्याच जुन्या होऊन सुधारतात, त्याही गारव्यात आडव्या ठेवल्या तर. बूच ओलं राहावं लागतं, सुकलं की हवा आत शिरते. आणि नागपूरचा मे महिना मी जन्मापासून पाहतेय.

"गेली ही," मी न उघडताच सांगून टाकलं.

आमचे जनरल मॅनेजर, म्हणजे जीएम, धोरणी. "लेबल नाहीच. हिच्यात नवी ओता."

"सर, नवी पाण्यासारखी दिसते, जुनी पिवळी पडते. ज्याने बनवली त्यालाच फसवायचं?"

तरी खात्रीसाठी बूच काढलं. अख्खं निघालं, ओलं. रंग साजूक तुपाचा. वास मधाचा, भाजलेल्या बदामाचा. एक घोट तोंडात फिरवला आणि मी खुर्चीत बसलेच. वाइन नुसती जिवंत नव्हती, सुंदर झाली होती. टाकीतल्या पाण्याने तिला उन्हाळे लागूच दिले नव्हते. मला इतका आनंद झाला की हसू आवरेना.

गजाननरावांनी चमचाभर घेतली आणि तोंड वाकडं केलं. "मॅडम, औषधावानी लागून राहिली. नवीच द्या."

जीएमनी लगेच री ओढली. "तुम्हीच म्हणालात ना, गेली म्हणून?"

म्हणाले होते. चुकलं होतं. पण आता माझा पारा चढला. "हीच जाईल टेबलावर."

"अन् व्याही थुंकले तं? माह्या पोरीचं जमत आलेलं मोडन ना!"

"तर माझं नाव सांगा."

जेवणाच्या टेबलावर व्याह्यांनी घोट घेतला, ग्लास उजेडात धरून पाहिला आणि आणखी एक घोट घेतला. मग ते डोळे पुसत म्हणाले, "त्या वर्षीची माझ्याकडेसुद्धा एक उरली नाही हो. कशी जपलीत?"

गजाननराव क्षणभरही अडखळले नाहीत. "पोरीसारखी जपली जी."

शेजारी बसलेल्या पोरीला ठसका लागला. बोलणी पक्की झाली.

बूच निघाल्याशिवाय मत देऊ नये, हे मी त्या दिवशी शिकले. जपली कशी, हे मात्र यजमानालाच सांगू द्यावं.