बाराचा क्रिस्टल

प्रयोगशाळेतल्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी भाऊ खिडकीच्या लोखंडी गजावर तळहात टेकवत. "थांबा सर, पयले गजाले भेटू द्या." अंगातली वीज नाजूक चिपमध्ये उतरू नये म्हणून हा उपाय करतात, हे मीच त्यांना एकदा पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. ते रोज पाळत आणि मी रोज विसरत असे. माझ्या हातून दोन चिप जळाल्या, त्यांच्या हातून एकही नाही. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्याजवळ उभं राहिलं की आपण नक्की काय शिकवतो, असा प्रश्न पडतो.

ब्रह्मपुरीच्या आमच्या कॉलेजात भाऊ इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत परिचर होते, पण रोजंदारीवर. नऊ वर्षं रोजंदारीवरच. मी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, एम.एस्सी. झालेला, आणि घरी टेबलफॅनचा प्लग बदलायला घेतला की बायको मुलांना लांब बसवायची, असा प्राध्यापक.

त्या वर्षी मायक्रोकंट्रोलरचा नवा पेपर मिळायचा होता. विद्यापीठाची समिती येणार, प्रयोग चालताना पाहणार, पटलं तर पेपर मंजूर करणार, आणि त्यासोबत परिचराचं एक कायम पद.

"पेपर तुमचा, पद माहं," भाऊ म्हणत. "बुडालो तं दोघंही बुडू सर. पन तुमाले पोहता येते."

प्रयोग दिसायला साधा. चाळीस पायांची काळी चिप केबलने कॉम्प्युटरला जोडायची. कीबोर्डवर अक्षर दाबलं की ते चिपकडे जावं आणि चिपने तेच परत पडद्यावर पाठवावं. चिपला ताल धरायला एक क्रिस्टल लागतो, औषधाच्या गोळीएवढी चकचकीत डबी. पुस्तकात त्याचा आकडा होता ११.०५९२. मला तो आकडाच आवडला नाही. भाऊ सामान आणायला नागपूरला निघाले तेव्हा मी बसच्या खिडकीशी जाऊन सांगितलं, "पूर्ण बाराचा आणा."

"पुस्तकात तं अकरा पॉइंट काहीतरी लिहून हाय."

"आणा हो. जास्तच आहे ना?"

समिती यायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सगळं जोडलं. मी ए दाबला. पडद्यावर एक चौकोन आला, एक उलटं प्रश्नचिन्ह आणि मिशीसारखं काहीतरी.

"हे कोनती भाषा, सर?"

मी केबलवर संशय घेतला. भाऊंचं घराणं तलावात मासेमारी करणारं. जाळं कुठे फाटलं ते शोधावं तसे ते डोळे मिटून केबलवरून बोटं फिरवत गेले, आणि म्हणाले, "तार शाबूत हाय. घोळ बोलण्यात हाय."

मग मी कागद घेतला, गणित मांडलं, आणि खुर्चीत बसलो. तो विचित्र आकडा उगाच नव्हता. कॉम्प्युटरच्या वेगाने त्याला नीट भाग जातो, बाराला जात नाही. आमची चिप ठरल्यापेक्षा भरभर बोलत होती आणि कॉम्प्युटरला त्यातलं निम्मं कळतच नव्हतं. आता निघून नागपूर गाठेपर्यंत दुकान बंद, आणि समिती सकाळी दहाला. चूक माझी होती आणि पद त्यांचं.

मी ते सांगितलं. भाऊ रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते स्टूल ओढून शेजारी बसले.

"सर, माही सासरवाडी सिरोंच्याची. तिकडं सारे तेलुगू. सासरे भरभर बोलत, अन् मी नुसती मान हालवो. मान हालवता हालवता एकदा म्हैस इकत घेऊन बसलो! मंग म्हटलं, मामाजी, हळू बोला. तवापासून समजाले लागलं. हिलेबी हळू बोलाले लावा न."

"भाऊ, चिप म्हणजे काय तुमचे सासरे आहेत का?" मी म्हणालो. पण म्हणता म्हणता कागदाकडे पाहिलं. वेग चौथाई केला तर? बाराला जवळजवळ नीट भाग जात होता. चिपचा वेग उतरवला, कॉम्प्युटरचाही उतरवला. ए दाबला. ए आला.

भाऊंनी मग एका बोटाने झेडपर्यंत सगळी अक्षरं दाबली. प्रत्येक अक्षर परत आलं की मान डोलवायचे, घरी आलेल्या पाहुण्याला "या" म्हणावं तसं.

दुसऱ्या दिवशी समितीतल्या वयस्कर सरांनी चष्मा वर करून विचारलं, "वेग इतका कमी का ठेवलाय?"

"तांत्रिकदृष्ट्या..." मी सुरुवात केली. भाऊ दारात उभे होते. मी म्हणालो, "क्रिस्टल चुकीचा आहे सर, मीच आणायला लावला. वाट यांनी काढली."

सरांनी भाऊंना पुढे बोलावलं. भाऊंनी सासऱ्यांपासून सगळं सांगितलं. सर गंभीरपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "म्हशीचं काय झालं?"

"हाय न सर. दूध चांगलं देते."

समितीचे तिघंही हसले. आमच्या प्राचार्यांना हसावं की नाही ते ठरवायला थोडा वेळ लागला.

पद मंजूर झालं. हजेरीपटावर पहिली सही करायला भाऊ आले तेव्हा बरोबर वहिनीही होत्या, नवं लुगडं नेसून. भाऊंनी सही इतकी सावकाश केली की मागे आमची रांग लागली. वहिनींना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी पदर सावरून ओल्या शाईवर हळूच फुंकर घातली.

पुढे भाऊ निवृत्त होऊन सिरोंच्याला राहायला गेले. त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. दर महिन्याला आमचे बाबू हजेरीपटाचं नवं पान आखतात आणि माझ्या नावाखालची एक ओळ मोकळी सोडतात. मी एकदा म्हणालो, "बाबू, खालची नावं वर घ्या ना."

"कशी घेऊ सर?" बाबू पट्टी सरळ करत म्हणाले. "पद मंजूर हाय."